डोलकाठीची रस्त्यावरील वाहतूक आणि तिच्या आधाराचे बलशास्त्र : भीमाशंकर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

भीमाशंकर मंदिराच्या आवारातील पोर्तुगीज घंटा ही 1739 च्या वसई विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी एक मानली जाते. कोकणातील ही वस्तू सह्याद्री चढून वर आली. घंटा जड खरी, परंतु आटोपशीर. तिचा भार एका जागी एकवटलेला असतो. शिडाच्या छोट्या होडीची डोलकाठी नेमकी उलट आहे. दोन माणसे ती सहज उचलतात, मात्र रस्त्याने नेताना तीच सर्वांत आधी वाकते. मुंबईचा किनारा, खडकवासल्याचा जलाशय, हैदराबादचा हुसेनसागर अशा ठिकाणी स्पर्धा व प्रशिक्षणासाठी होड्या ट्रेलरवरून न्याव्या लागतात. आंबेगाव तालुक्यातील डिंभे किंवा जुन्नरमधील माणिकडोह जलाशयावर एखाद्या महाविद्यालयाने नौकानयनाचा विचार केल्यास हाच प्रश्न प्रथम उपस्थित होईल.

'ऑप्टिमिस्ट' या बालगटाच्या होडीची काठी होडीतच मावते. 'लेझर'ची काठी दोन तुकड्यांची असते. अडचण '420' सारख्या होडीची आहे. होडी 4.2 मीटर, तर काठी सुमारे 6.25 मीटर, म्हणजे जवळजवळ दोन मीटर काठी होडीबाहेर राहते.

आधार कोठे द्यावा?

काठी ही बलशास्त्राच्या दृष्टीने एक तुळईच होय. दोन्ही टोकांना आधार दिल्यास स्वतःच्या वजनाने येणारा झोळ लांबीच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट तर झोळ सोळापट. हेच आधार टोकांपासून आत सरकवले, तर बाहेर लोंबणारे भाग मधल्या भागाला वर उचलू पाहतात. प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे 0.207 पट अंतरावर आधार असता आधारावरील व मध्यावरील वाकवणारे आघूर्ण समान होतात आणि त्यांचे महत्तम मूल्य टोकांना आधार दिलेल्या स्थितीच्या सुमारे एक-षष्ठांश उरते. 6.25 मीटरच्या काठीस हे अंतर साधारण 1.3 मीटर येते. काठी बुडाशी जाड व शेंड्याकडे निमुळती असल्यास बिंदू किंचित सरकतात, इतकेच.

सर्वसाधारण समज असा की आधार जितके अधिक तितके बरे. तो येथे फसवा ठरतो. दोन आधारांवर भार कसा विभागला जाईल हे निश्चित असते. तिसरा कठीण आधार मध्ये घातला आणि खड्ड्यात ट्रेलरचा सांगाडा पिळला, की तो मधला आधारच काठीला खालून ढकलतो. म्हणून तिसरा आधार द्यायचाच असेल तर तो मऊ असावा. गोणपाटाची जाड घडी किंवा जुन्या ट्यूबचा वळसा पुरेसा होतो. पुढचा आधार गाडीच्या टपावर व मागचा ट्रेलरवर ही पद्धत तर पूर्णतः त्याज्य आहे, कारण गाडी व ट्रेलर ही दोन स्वतंत्रपणे हलणारी वाहने आहेत. पुढचे बेचके ट्रेलरच्या दांड्यावरील खांबावर, मागचे होडीच्या पिछाडीशी, अशी मांडणी सोयीची. दोर बेचक्यापाशीच आवळावा. मधल्या मोकळ्या भागात दोर खाली ओढून बांधल्यास काठी बांधणाऱ्याच्याच हातून वाकते.

घाटरस्ता :

वरील हिशेब उभ्या वाहनाचा झाला. एकाएकी पडलेला भार स्थिर भाराच्या दुप्पट झोळ निर्माण करतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर असे हिसके शेकडोंनी बसतात. ॲल्युमिनियमला पोलादाप्रमाणे थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. लहान लहान हिसक्यांचेही नुकसान साठत जाते. ते बहुधा रिव्हेटच्या छिद्रांपाशी प्रकटते. सबब आडवे बाहू व ताणदोर प्रवासापूर्वी काढून किंवा गुंडाळून ठेवावेत.

मंचर–घोडेगाव–डिंभे मार्गापेक्षा माळशेज घाटाने येणाऱ्यास वळणांचा विचार अधिक करावा लागतो. जोडकडीच्या पुढे आलेले काठीचे टोक तीव्र वळणावर गाडीच्या मागील कोपऱ्यावरून आडवे फिरते. गाडी चढाला लागली आणि ट्रेलर अद्याप सपाटीवर असला, तर टप वर येऊन टोकाला भिडते. टोक मागे सरकवावे, तर कायदा आडवा येतो. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, 2019 अन्वये समाविष्ट कलम 194(1ए) नुसार अनुज्ञेय मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या भारासाठी 20,000 रुपये दंड आहे. त्यामुळे लांब दांड्याचा व लांब सांगाड्याचा ट्रेलर हाच खरा उपाय. मागे लाल फडके बांधून वेळ मारून नेणे नव्हे.

जलाशयावर पोहोचल्यावर :

डिंभ्याच्या पाण्यावर आदिवासी मच्छीमारांची उपजीविका आहे. त्यांची जाळी व जलसंपदा विभागाची परवानगी या दोन्ही बाबी होडी उतरवण्यापूर्वीच्या आहेत. त्याहून निकडीची बाब विजेच्या तारांची. जलाशयांच्या काठाने शेतीपंपांच्या वाहिन्या गेलेल्या असतात. आडवी असताना निरुपद्रवी असलेली धातूची काठी उभी करताच सहा मीटरांहून उंच विद्युतवाहक बनते, आणि उच्चदाब वाहिनीला प्रत्यक्ष स्पर्श न होताही ठिणगी उडू शकते. काठी उभारण्याची जागा तारांपासून दूर, आधी पायी पाहून ठरवावी. होडी काठी उभी ठेवून काठाने ढकलत नेऊ नये, आणि परतीच्या वेळी ती ट्रेलरवर चढवल्याबरोबर तेथेच काठी उतरवावी.