लहरी बाई, कलंदर बुवा

भीमसेन जोशी रात्रभर स्वतः गाडी हाकत गावोगावच्या मैफिली गाठायचे, हे महाराष्ट्रात आजही कौतुकाने सांगितलं जातं. कुणा बुवांनी भर मैफिलीत संयोजकाला झापलं, कुणी झोकांड्या खात स्टेजवर आले आणि मग असे काही गायले की विचारू नका, कुणी मनात आलं म्हणून निम्म्यातून उठून गेले. असे किस्से गाण्याच्या वर्तुळात पिढ्यान् पिढ्या फिरतात आणि प्रत्येक फेरीत गवयाची उंची थोडी वाढते. किस्से गायिका किशोरी आमोणकरांचेही फिरतात. श्रोत्यांना गप्प बसायला सांगितलं, तंबोरे मनासारखे लागेपर्यंत पडदा उघडू दिला नाही, उशीर केला. पण तिथे सांगणाऱ्याचा सूर बदलतो. बुवा कलंदर असतात आणि बाई लहरी, तुसड्या, डोक्यात हवा गेलेल्या. २०१७मध्ये किशोरीताई गेल्या तेव्हाही त्यांच्या भूप रागाच्या आठवणींना चिकटून हा शेरा आलाच.

त्या अशा का वागत, हे त्यांनी मुलाखतींतून स्पष्ट सांगून ठेवलं आहे. लहानपणी तंबोरा घेऊन त्या आईच्या मागे बसत. आई म्हणजे मोगूबाई कुर्डीकर, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका. पती लवकर गेले आणि तीन मुलांचा संसार मोगूबाईंनी गाण्यावर ओढला. मैफिलीला जाताना प्रवास तिसऱ्या वर्गाचा, उतरायला कुणाचं तरी घर, हातात पडणारी बिदागी बेताची. त्याच तोलाच्या पुरुष गवयांची बडदास्त निराळी. मुलीने हे सगळं पाहिलं आणि आपल्या वाट्याला असं येऊ द्यायचं नाही, हे ठरवून टाकलं. पुढे त्यांनी चांगली खोली, पुरेसं मानधन आणि सभागृहात शांतता मागितली, त्यामागे हा सगळा हिशेब होता. मोगूबाईंना लोक 'गानतपस्विनी' म्हणत, अगदी मनापासून. पण तपस्विनीशी बिदागीची घासाघीस करताना कुणाला संकोच वाटत नाही, कारण तिने काही मागायचंच नसतं.

केसरबाई केरकरांनी मात्र मागितलं. त्याही अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या. बिदागी मनाजोगी ठरल्याखेरीज त्या बैठकीला राजी होत नसत आणि समोर कोण बसलंय याचा मुलाहिजा ठेवत नसत. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर भारतातलं एकच गाणं आहे, ते म्हणजे केसरबाईंची भैरवी. एवढ्या मोठ्या गाण्याची किंमत करणाऱ्या बाईला इथे मात्र गर्विष्ठ हेच विशेषण चिकटलं.

या दुजाभावाचं मूळ शोधायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जावं लागतं. तेव्हा जाहीरपणे गाणाऱ्या बहुतेक स्त्रिया कलावंत, देवदासी किंवा तवायफ घराण्यांतल्या होत्या. घरंदाज बायका गात नसत, निदान चारचौघांत तरी नाही. पुढे थोर गायिका झालेल्या गंगूबाई हनगल धारवाडला ब्राह्मण वस्तीत वाढल्या. शेजारच्या बागेतला आंबा तोडला तर गाणारणीची पोर आपल्या बागेत शिरलीच कशी म्हणून मालक खवळले. १९२४च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागतगीत गायचा मान त्यांना मिळाला, तेव्हाही त्या मुलीच्या मनात धाकधूक होती ती गाण्याची नव्हे. आपल्याला नंतर उष्टी पानं उचलायला लावतील की काय, याची.

अशा काळात हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या. अंगभर पदर, हातवारे नाहीत, अदा नाहीत, नजर सुरावर. त्या शांत, देखण्या बैठकीने पुढच्या पिढ्यांतल्या मध्यमवर्गीय मुलींना गाण्याची वाट मोकळी करून दिली. हिराबाईंचे हे उपकार फिटणारे नाहीत. पण समाजाने त्यातून एक अट काढली. बाईने गावं, पण सोज्वळ दिसावं, पैशाचं बोलू नये, आवाज चढवू नये. स्वतंत्र भारताच्या सरकारनेही याच अटीवर शिक्का मारला. सरदार पटेलांकडे माहिती आणि नभोवाणी खातं असताना, ज्यांचं खासगी आयुष्य लोकांत बदनाम आहे अशांना आकाशवाणीवर घेऊ नये, असं ठरलं. शब्द सगळ्यांना लागू होणारे होते, झळ मात्र गाणाऱ्या बायकांना लागली. गवयाच्या घरी किती संसार आहेत, याची चौकशी कुणी करत नव्हतं.

पुरुष मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित, केसरबाई आणि मोगूबाई मात्र बाईच राहिल्या, अशी खंत गंगूबाईंनी बोलून दाखवली होती. आता नावामागे 'विदुषी' छापतात. अट मात्र गेलेली नाही. निवेदक गायिकेची ओळख करून देताना 'घरसंसार सांभाळून त्यांनी ही साधना केली' असं हमखास म्हणतो. शेजारी बसलेल्या तबलजीचा संसार कोण सांभाळतं, हे त्याला विचारावंसंही वाटत नाही.

काही भेद इतके रुळलेले आहेत की नजरेलाही येत नाहीत. पट्टीचंच घ्या. पुरुषाचा आवाज साधारण पांढरी एक, काळी एक अशा पट्टीत लागतो, बाईचा काळी चार, काळी पाचच्या आसपास. गुरू पुरुष असेल तर तालीम त्याच्या पट्टीत चालते. मग वर्गातली मुलगी एकतर घसा दाबून खर्जात घुटमळते, नाहीतर मध्य सप्तकातली जागा तारसप्तकात ओढून घेते. ती जागा आपल्या गळ्यात नेमकी कुठे बसते, हे तिने घरी एकटीने शोधायचं. दोन पट्ट्यांत वेगवेगळी तालीम देणारे गुरू आहेत, पण त्यांना वेळ दुप्पट द्यावा लागतो.

साथीचा प्रश्न याहून अवघड. कर्नाटक संगीतात पालघाट मणि अय्यर यांच्यासारखे थोर मृदंगवादक कितीतरी वर्षं गायिकांना साथ करत नसत, डी. के. पट्टम्माळ यांच्यासाठी त्यांनी तो शिरस्ता मोडला. आपल्याकडे, हिंदुस्थानी संगीतातही, वाद्यं जणू पुरुषांच्याच नावावर लागलेली होती. मुंबईच्या आबान मिस्त्री यांनी एकल तबलावादन केलं, घराण्यांच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिला, तरी बाईच्या हाताला तबल्याचं वजन पेलेल का, ही शंका त्यांच्यानंतरच्या मुलींनाही ऐकावी लागली. अनुराधा पाल यांनी १९९६मध्ये केवळ स्त्रियांचा तालवाद्यवृंद उभा केला. गुरुजींच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या मुली आपल्याला प्रत्येक मैफिलीत दिसतात; त्यांचं नाव निवेदनात आलं तर आलं, आणि मानधन मिळालं तर मिळालं.

आणि गुरूची बंद खोली. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१८च्या 'मी टू' चळवळीनंतर चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीने डिसेंबरच्या महोत्सवातून सात कलाकारांना वगळलं, तेव्हा गाण्याच्या क्षेत्रात दबक्या आवाजात चालणारं बोलणं पहिल्यांदा उघड्यावर आलं. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा २०१३चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती नेमायला सांगतो आणि त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवतो. पण गुरूच्या घरी शिकणारी शिष्या कर्मचारी नसते. तिची बंदिश, तिची पहिली मैफल, तिच्याविषयी संयोजकाच्या कानावर घातला जाणारा शब्द, सगळं एकाच माणसाच्या हातात. तक्रार करायची तर घराणं सोडावं लागतं, आणि घराणं सुटलेल्या मुलीला 'हिचं कुणाशी पटत नाही' हे लेबल लागायला एक फोन पुरतो.

म्हणून संगीत महोत्सव भरवणाऱ्या मंडळांकडे माझ्या साध्या मागण्या आहेत. मानधन, प्रवास आणि राहण्याची सोय प्रत्येक कलाकाराला लेखी कळवा, आणि समान तोलाच्या कलाकारांसाठी ती समान ठेवा. तंबोऱ्यावरच्या मुलींची नावं पत्रिकेत छापा, त्यांचं पाकीट वेगळं द्या. तक्रार ऐकणारी, त्या घराण्याबाहेरची माणसं असलेली समिती नेमा आणि तिचा फोन नंबर ग्रीनरूमच्या दारावर लावा. आणि एखाद्या गायिकेने तंबोरे जुळेपर्यंत पडदा उघडू नका असं सांगितलं, तर पडदा बंद ठेवा.