इम्प्रोव्ह म्हणजे विनोदवीरांची स्पर्धा नव्हे

ऑफिसच्या कार्यशाळेत 'इम्प्रोव्ह' असणार, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते करायचे खेळ, असं कळलं की बोलघेवडे खुशीत येतात. उरलेले त्या दिवशी रजा मिळेल का ते बघतात. समज दोघांचाही एकच: हा हजरजबाबी लोकांचा प्रांत आहे.

मुळात हे खेळ हशा पिकवायला जन्मलेच नाहीत. शिकागोच्या स्थलांतरितांच्या वस्तीत १८८९ साली हल हाउस ही समाजसेवी संस्था सुरू झाली. १९२०च्या दशकात तिथे नीव्हा बॉइड खेळांतून समाजकार्य शिकवत. त्यांची विद्यार्थिनी व्हायोला स्पोलिन पुढे महामंदीच्या काळात सुरू झालेल्या सरकारी रोजगार योजनेत नाट्य उपक्रम सांभाळू लागली. समोर नाना देशांतून आलेल्या घरांतली माणसं. त्यांना अभिनयावर व्याख्यानं देऊन काय उपयोग? तिने रंगमंचावरची एकेक अडचण खेळात बसवली. विनोदाशी सोयरीक नंतर जुळली. तिचा मुलगा पॉल सिल्स १९५९ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या 'सेकंड सिटी'च्या संस्थापकांपैकी एक होता आणि तिथल्या नटांनी हे खेळ प्रहसनासाठी वापरले.

स्पोलिनचा आरशाचा खेळ पाहा. दोघं समोरासमोर उभे. एक हालचाल करतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब होतो. मग अदलाबदल. शेवटी कुणी कुणाच्या मागे जायचं हे ठरवायचंच नाही, दोघांनी एकमेकांच्या मागे जायचं. इथे बोलघेवड्याची पंचाईत होते, कारण पुढे काय करायचं हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. मुखदुर्बळ माणूस मात्र बऱ्याचदा बाजी मारतो, कारण समोरच्याकडे बघायची त्याला सवय असते.

'नियम नसतात, काहीही चालतं' हा समजही टिकत नाही. प्रत्येक खेळात एकच गोष्ट सांभाळायची असते आणि ती ठरलेली असते. तमाशातल्या बतावणीचे संवाद कुठे लिहिलेले असतात? पण प्रसंगाचा सांगाडा आणि सोंगाड्याचं काम पक्कं असतं, म्हणून तर त्याला मोकळं सुटता येतं.

सर्वांत जास्त घोळ इम्प्रोव्हच्या 'हो, आणि...' या सूत्राचा. याचा अर्थ सगळ्याला मान डोलवणं, असं काही प्रशिक्षकही सांगतात. समजा, एकजण म्हणाला, "डॉक्टर, माझ्या पायाला मुळं फुटलीत." "कुठे? मला तर दिसत नाहीत," असं उत्तर आलं की प्रसंग तिथेच मेला. "मी हात लावणार नाही. वडाचं झाड आहे, आधी परवानगी आणा," हाही नकारच; पण मुळं खरी मानलेला. समोरच्याने मांडलेलं आधी ऐकून घ्यायचं, मग त्यावर आपलं ठेवायचं. मीटिंगमध्ये 'बजेट नाही' असं खुशाल म्हणावं, फक्त मुद्दा ऐकल्यावर.

आणि 'एका दिवसाच्या खेळांनी टीम जुळते' हे तर कार्यशाळा विकणाऱ्यांचं लाडकं वाक्य. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९९ च्या अभ्यासात एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांकडे पाहिलं. चूक कबूल केली, शंका विचारली तर अपमान होणार नाही, असा विश्वास जिथे होता तिथे गट जास्त शिकत होते. असा विश्वास रोजच्या वागण्यातून तयार होतो. सोमवारी चूक सांगणाऱ्याला झापायचं आणि शुक्रवारी त्याला माकडाची नक्कल करायला लावायची, याला टीम बिल्डिंग म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं.

म्हणून खेळ घ्यायचेच असतील तर थोडे घ्या, पण वरचेवर. आठवड्याच्या मीटिंगआधीची दहा मिनिटं पुरतात. 'मी आज नुसता बघतो' म्हणायची मुभा ठेवा. मोबाइलवर शूटिंग नको. आणि साहेबांनी दाराशी उभं राहून कौतुकाने बघू नये, आरशासमोर यावं. जमल्यास सर्वांत नव्या माणसाचं प्रतिबिंब व्हावं.