आगाऊ वर्दीचे जेवण

ब्रिटिश अमदानीत लांब पल्ल्याच्या मेलगाडीने जाणाऱ्या वरच्या वर्गाच्या उतारूंपाशी गार्ड येई, पुढच्या मुक्कामी भोजनास किती असामी बसणार याची अदबीने विचारपूस करी आणि तो आकडा पुढील मोठ्या स्थानकाच्या उपाहारगृहाला तारेने कळवी. गाडी धापा टाकीत तेथे पोहोचेपर्यंत तितक्या असामींची टेबले मांडून तयार असत. विमानात पाऊल टाकण्यापूर्वीच, घरबसल्या, आपल्या जेवणाचा जिन्नस निवडून ठेवण्याची जी मुभा अलीकडे बऱ्याच विमान कंपन्या देऊ लागल्या आहेत, आणि जिचा डंका त्या एखाद्या अपूर्व शोधासारखा पिटतात, ती वस्तुतः त्या जुन्या तारेचीच नात आहे.

मात्र आजी आणि नात यांच्यात एक फरक आहे. आगगाडीला पुढचे स्थानक असते, विमानाला नसते. जमिनीवर चुकलेला अंदाज सावरून घेता येतो. आमच्याकडील लग्नकार्यात मुरब्बी आचारी पाने मोजीत बसत नाही. मांडवाकडे एकवार नजर टाकतो, वऱ्हाड कोणत्या गावचे आहे ते विचारतो आणि किती शेर तांदूळ वैरायचे ते ठरवून मोकळा होतो. त्याचा अंदाज चुकलाच तर वरणात पाणी वाढवता येते, भाताचे आणखी एक आधण चढवता येते, शेजारच्या घरातून ताकाची कासंडी मागवता येते, आणि यजमानाची अब्रू राहते. पस्तीस हजार फुटांवर यांपैकी एकही उपाय चालत नाही. जे घेऊन निघालो तेवढेच, आणि ते संपले की संपले.

याचे कारण असे की विमानातील स्वयंपाकघर म्हणून जे दाखवले जाते त्यात स्वयंपाक मुळी होतच नाही. सारे अन्न विमानतळाच्या आसपास असलेल्या प्रचंड भटारखान्यांत उड्डाणापूर्वी कित्येक तास आधी शिजते, शिजताक्षणी यंत्राच्या साहाय्याने झपाट्याने थंड केले जाते, थंड राखलेल्या खोल्यांत ताटे लावली जातात, आणि तेथून ती शिडीसारख्या उंच उचलल्या जाणाऱ्या मोटारीतून विमानाच्या दाराशी पोहोचतात. वर आकाशात जे घडते ते केवळ भट्टीत वीसएक मिनिटे ऊन करणे. इतका कडक बंदोबस्त का, याचे उत्तर १९७५ सालच्या एका घटनेत सापडते. अँकरेजहून कोपनहेगनला निघालेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानात न्याहारीला दिलेल्या हॅम आणि ऑम्लेटमधून जवळजवळ दोनशे उतारूंना विषबाधा झाली. तपासाअंती निष्पन्न झाले ते एवढेच की एका स्वयंपाक्याच्या बोटांना जखमा होत्या, त्यांतील जंतू अन्नात उतरले आणि ते अन्न पुरेशा थंडाव्यात ठेवले गेले नव्हते. वैमानिक आणि सहवैमानिक यांनी एकच पदार्थ खाऊ नये, असा जो शिरस्ता अनेक कंपन्या कटाक्षाने पाळतात, त्याची गरज अशा प्रसंगांनी पटवून दिली.

तेव्हा आकडा आगाऊ हवा, आणि तो नेमका हवा. आता अशी कल्पना करा की एका विमानात तीनशे उतारू आहेत आणि ताटे दोन प्रकारची आहेत, एक शाकाहारी व दुसरे कोंबडीचे. प्रत्येकाची इच्छा हमखास पुरी करावयाची तर दोन्ही मिळून सहाशे ताटे चढवावी लागतील, जे कोणी करणार नाही. म्हणून मार्ग कोणता, वेळ कोणती, मागील महिन्यात याच उड्डाणावर काय खपले, याचे दफ्तर चाळून एक प्रमाण ठरवले जाते. आणि ते प्रमाण चुकले की त्याचा भुर्दंड विमानाच्या शेपटाकडे बसलेल्यांना पडतो, कारण वाढप बहुधा पुढून मागे होत जाते आणि शेवटच्या रांगांपर्यंत ढकलगाडी पोहोचते तेव्हा तिच्यात एकाच प्रकारची ताटे उरलेली असतात. ‘काय घेणार?’ हा प्रश्न तेथे केवळ शिष्टाचारापुरता उरतो. आगाऊ वर्दीची सारी मातब्बरी यात आहे: अंदाजाचे ओझे आचाऱ्याच्या डोक्यावरून उतरून जेवणाऱ्याच्या डोक्यावर येते. कंपनी याला सेवा म्हणते. तशी ती आहेही, पण ती कंपनीची जितकी सेवा आहे तितकीच आपण कंपनीची केलेली सेवाही आहे, हे विसरण्याचे कारण नाही.

वास्तविक विमानातील पहिले जेवणही फुकटचे नव्हतेच. १९१९ सालच्या ऑक्टोबरात हँडली पेज कंपनीने लंडन–पॅरिस मार्गावर जी शिदोरीची पेटी दिली तिचे तीन शिलिंग वेगळे मोजून घेतले होते. पुढे भाडी जेव्हा आंतरराष्ट्रीय करारांनी बांधली गेली आणि किमतीत स्पर्धा करण्यास वावच उरला नाही, तेव्हा कंपन्यांनी ताटात स्पर्धा मांडली. १९५८ साली अटलांटिकवरील स्वस्त वर्गात फक्त साधे, थंड सँडविच द्यावे असे ठरले असताना स्कँडिनेव्हियन कंपनीने उघड्या पावावर इतके साहित्य रचले की पॅन अमेरिकनने फिर्याद गुदरली, आणि आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने त्या सँडविचच्या पायी वीस हजार डॉलरांचा दंड ठोठावला. सँडविचची व्याख्या काय, यावर शहाण्या माणसांनी गंभीरपणे खल केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आगाऊ वर्दीचा जुना आणि गंभीर प्रकार म्हणजे धर्म, पथ्य किंवा व्रत यांसाठी मागवावयाचे खास जेवण. यासाठी चार रोमन अक्षरांची संकेतनामे जगभर रूढ आहेत, आणि त्यांची ओळख नसल्यामुळे आपल्या लोकांची जी फसगत होते ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ‘व्हीजीएमएल’ हे संकेतनाम वाचून पुष्कळ शाकाहारी मंडळी निर्धास्तपणे तेच मागवतात. परंतु त्याचा अर्थ दूध, तूप, दही यांनाही वर्ज्य मानणारा कडक शाकाहार असा असल्याने, पुढ्यात उकडलेल्या भाज्या आणि एखादे फळ येते, आणि मग ‘यांना मीठसुद्धा माहीत नाही’ अशी तक्रार सुरू होते. आपल्याला जे हवे असते, म्हणजे पोळीभात, पनीर, डाळ, दही, ते ‘एव्हीएमएल’ या आशियाई शाकाहाराच्या नावाखाली मिळते. याहून मोठा घोटाळा ‘हिंदू जेवण’ या नावाचा. ‘एचएनएमएल’ हे अक्षरचतुष्टय पाहून एखाद्या सोवळ्या गृहस्थाने ते नोंदवावे आणि त्याच्यापुढे मटणाचा रस्सा यावा, असे घडू शकते. कारण तेथे हिंदू म्हणजे गोमांस न खाणारा, एवढीच समजूत आहे. कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असलेल्या जैनांसाठी ‘व्हीजेएमएल’ आहे, मधुमेह्यांसाठी ‘डीबीएमएल’ आहे, यहुदी, मुसलमान, तान्ही बाळे, सर्वांची तजवीज आहे. उपवासाचे मात्र संकेतनाम या यादीत नाही. एकादशीला उडणाऱ्याने ‘एफपीएमएल’ म्हणजे फळांचे ताट मागवावे आणि साबुदाण्याची आशा सोडावी.

या वर्दीची मुदत बहुधा उड्डाणापूर्वी चोवीस तास असते, काही जेवणांना त्याहून अधिक. वर्दी दिलेल्याच्या आसनक्रमांकाची चिठ्ठी ताटावर लागते, आणि म्हणून जागा बदलून बसणाऱ्याने तसे सांगितले पाहिजे. आधीचे विमान चुकून दुसऱ्यात बसावे लागले तर जेवण सोबत येतेच असे नाही. खास ताटे सर्वांच्या आधी वाढली जातात. माझी मावशी वयाच्या सत्तराव्या वर्षी प्रथमच परदेशी निघाली तेव्हा मी तिच्यासाठी अशी वर्दी दिली होती. हवाई सुंदरीने नाव विचारून तिचे ताट सगळ्यांच्या आधी आणून ठेवले. मावशीने ते डोळे भरून पाहिले आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसून राहिली. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मी म्हटले, “अगं, निवतंय.” ती म्हणाली, “बाकीच्यांची पानं कुठे वाढलीत अजून? पंगत बसल्याशिवाय घास कसा घेऊ?”

पथ्याच्या गरजेतून निघालेली ही वहिवाट चैनीच्या प्रांतात आणली ती सिंगापूर एअरलाइन्सने. १९९८ साली तिने ‘बुक द कुक’ या नावाने वरच्या वर्गांतील उतारूंना, निदान चोवीस तास आधी कळवल्यास, नेहमीच्या यादीबाहेरील पदार्थ देण्याची योजना सुरू केली, आणि तिच्यातील ‘लॉबस्टर थर्मिडॉर’ हा शेवंडीचा पदार्थ पुढे चांगलेच गाजले. आपल्या देशातील ओघ याच्या अगदी उलट दिशेने वाहिला. २००३ साली एअर डेक्कन आणि २००६ साली इंडिगो आली. तिकिटातून जेवण वगळले गेले, आणि जे पूर्वी पाहुणचार म्हणून येत असे त्याला भाव आला. काही विमानांत तर भट्टीच नसे. तेव्हा कागदी पेल्यातील कोरड्या उपम्यावर किंवा पोह्यांवर कढत पाणी ओतावे, झाकण लावून थोडा वेळ वाट पाहावी आणि त्याला जेवण म्हणावे, असा मामला होता. अशा कंपन्यांना आगाऊ वर्दी म्हणजे शुद्ध व्यापार आहे: पैसा आधी हाती येतो आणि न खपलेल्या मालाची धास्ती उरत नाही. त्यात मी गैर काही मानीत नाही. विमानात ऐनवेळी मागण्यापेक्षा आगाऊ नोंदवलेले बहुधा स्वस्तही पडते.

तरीही आगाऊ निवडलेले ताट चविष्ट लागेलच याची हमी कोणी देऊ नये. बंद विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तसा असतो, हवा वाळवंटाहून कोरडी असते, नाक सुकते, आणि नाक सुकले की जीभ निम्मी बहिरी होते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी विमानाच्या सांगाड्यात प्रयोग करून दाखवले की मीठ आणि साखर यांची जाणीव वर बरीच मंदावते, पण टोमॅटोच्या रसाची गोडी उलट खुलते. सबब घरी निवडताना ज्याने तोंडाला पाणी सुटते ते वर अळणी लागले तर आचाऱ्याला शिव्या देण्याआधी उंचीचा विचार करावा. चिंच, गोडा मसाला, खरपूस फोडणी असलेले पदार्थ वर टिकाव धरतात, असा आपला माझा अनुभव.

आगाऊ वर्दीचा खरा लाभ जिभेला नाही, उकिरड्याला आहे. आयाटाच्या अंदाजाप्रमाणे २०१७ साली विमानांच्या कक्षांतून निघालेला कचरा ५७ लाख टन होता, आणि त्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग हातसुद्धा न लावलेल्या अन्नपेयांचा होता. ते अन्न भुकेल्याला देऊन टाकावे, हा विचार कोणाच्याही मनात प्रथम येतो. पण परदेशातून आलेल्या विमानातील उरलेले अन्न रोगराईच्या भीतीने जाळावे किंवा खोल पुरावे असे कायदे अनेक देशांत आहेत, आणि ते निष्कारण नाहीत. म्हणजे न चढलेले ताट हेच काय ते वाचलेले ताट. जपान एअरलाइन्सने २०२० च्या सुमारास यापुढचे पाऊल टाकले आणि ‘मला जेवण नको’ असेही आगाऊ नोंदवण्याची सोय केली. रात्रीच्या उड्डाणात झोपू इच्छिणाऱ्यांना ती मानवली; आणि नाकारलेल्या जेवणांमागे काही रक्कम गरीब देशांतील मुलांच्या शाळेतील जेवणासाठी दिली जाऊ लागली. एकादशी धरून आपले अन्न दुसऱ्याच्या पानात वाढावे, तसाच हा प्रकार.

मावशीच्या त्या प्रवासाची गोष्ट अर्धीच राहिली. तिच्या पलीकडे बसलेल्या तरुणाने कोंबडी मागितली होती. आमच्या रांगेपर्यंत ती संपली होती, आणि जे मिळाले त्याचे झाकण उघडून त्याने ते पुन्हा बंद केले. मावशीचे ताट सांगितल्याप्रमाणे आले होते, तिने ते चाटूनपुसून संपवलेही होते. तरी तिने पायाशी ठेवलेली पिशवी वर घेतली, फडक्याची गाठ सोडली आणि दोन दशम्या व शेंगदाण्याची कोरडी चटणी त्याच्यापुढे ठेवली. जेवण आगाऊ सांगून ठेवले होते, मग हे कशाला आणलेस, असे मी नंतर तिला विचारले. “ते त्यांना पोचलं नसतं तर?” असे म्हणून तिने उरलेल्या दशम्या मोजल्या आणि परतीच्या प्रवासाला पुरतील की नाही याचा विचार करू लागली.