विश्लेषण : पाणी कडक तापते, म्हणजे गॅस गिझर ठीक आहे का?

थंडी सुरू झाली, की गॅस गिझर असलेल्या बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या येऊ लागतात. अशा वेळी पहिला संशय गॅसगळतीवर घेतला जातो. प्रत्यक्षात अनेकदा गळती झालेलीच नसते. गिझर सुरू असतो, नळाला कडक पाणी येत असते आणि त्याच वेळी बाथरूममध्ये विषारी वायू साचत असतो. हे का घडते आणि नियमित देखभालीने ते कितपत टाळता येते, याविषयी…

गॅस गिझरला किती हवा लागते?

मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गिझर त्या पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवत असेल, तर त्याला साडेदहा किलोवॅटच्या आसपास उष्णता लागते. स्वयंपाकघरातील शेगडीचे चार-पाच बर्नर एकाच वेळी मोठ्या आचेवर पेटवल्यासारखे हे आहे. एवढ्या उष्णतेसाठी दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम एलपीजी जळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यासाठी सुमारे १५ किलो, म्हणजे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. या हिशेबाने दहा मिनिटांच्या आंघोळीत सुमारे दोन घनमीटर हवेतील ऑक्सिजन संपतो. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये सगळी मिळून जेमतेम साडेपाच घनमीटर हवा असते. दार-खिडकी बंद असेल, तर तिच्यातील एक तृतीयांशाहून अधिक ऑक्सिजन एकाच आंघोळीत खर्च होऊ शकतो. पाठोपाठ दुसरी व्यक्ती आंघोळीला गेली, तर तिच्या वाट्याला आधीच बिघडलेली हवा येते.

कार्बन मोनॉक्साइड कसा तयार होतो?

एलपीजीला पुरेसा ऑक्सिजन मिळाला, की तो जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. ऑक्सिजन कमी पडला, की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही. एलपीजीला येणारा उग्र वास त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या रसायनाचा असतो आणि तो गॅसगळती ओळखण्यासाठी असतो. ज्वलनात हे रसायनही जळून जाते. म्हणून 'वास आला नाही, म्हणजे धोका नाही' हा समज गॅस गिझरच्या बाबतीत जिवावर बेतू शकतो.

बिघडत चाललेला गिझर कसा ओळखावा?

ज्योत पाहणे ही सर्वांत सोपी तपासणी. बहुतेक गिझरला समोर छोटी काच किंवा फट असते. ज्योत निळी आणि स्थिर असायला हवी. ती पिवळी, लांबट किंवा फडफडणारी दिसत असेल, तर हवा कमी पडते आहे किंवा बर्नरमध्ये कचरा अडकला आहे. गिझरच्या वरच्या भागावर किंवा मागच्या भिंतीवर काजळी धरणे हे दुसरे लक्षण. नळ सोडल्यावर लगेच न पेटता काही क्षणांनी 'भप्प' असा आवाज करून पेटणे हे तिसरे. आंघोळीनंतर डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, पायांतले बळ गेल्यासारखे वाटणे, असा त्रास घरातील एकाहून अधिक जणांना होत असेल, तर गिझर तातडीने बंद करून तपासून घ्यायला हवा.

वरवर चांगला चालणारा गिझर आतून का बिघडतो?

बर्नरच्या वर तांब्याच्या पातळ पत्र्यांची चौकट असते. तिच्यातून जाणारे पाणी तापते आणि पत्र्यांमधल्या फटींतून जळलेला वायू वर निघून जातो. ज्योत थोडी पिवळी झाली, की या फटींत काजळी बसते. फटी बुजल्या, की जळलेला वायू वर सरकत नाही आणि बर्नरला ताजी हवा मिळत नाही. त्यामुळे ज्योत आणखी पिवळी होते आणि काजळी आणखी वाढते. हे चक्र काही महिने चालू राहू शकते. पाणी मात्र त्या काळातही गरम येत राहते. म्हणून पाण्याच्या तापमानावरून गिझरच्या प्रकृतीचा अंदाज बांधता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक कारण असते. अनेक घरांत उन्हाळा आणि पावसाळाभर गिझर बंद असतो. या काळात बर्नरच्या हवेच्या तोंडांत कोळिष्टके होतात, किडे घर करतात, धूळ बसते. पहिल्या थंडीत तोच गिझर न तपासता सुरू केला जातो.

घरच्या घरी काय करता येते?

महिन्यातून एकदा सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून गळती कधीही तपासू नये. 'सुरक्षा' रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. मुदत नळीवरच छापलेली असते. त्याआधीही चिरा दिसल्या, तर नळी बदलावी. पाणी आत येते त्या ठिकाणची छोटी जाळी काढून धुवावी. ती तुंबली, की प्रवाह कमी होतो आणि गिझर पेटायला अडखळतो. ठिणगीसाठीच्या बॅटऱ्या उतरल्या असतील तरी तसेच होते, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला त्या नव्या घालाव्यात. गिझरच्या वर टॉवेल वाळत घालू नये. भोवती हवा खेळती राहील एवढी जागा मोकळी ठेवावी.

मेकॅनिककडून काय करून घ्यावे?

दरवर्षी थंडीपूर्वी कंपनीच्या अधिकृत मेकॅनिककडून सर्व्हिसिंग करून घ्यावे. बाहेरून पुसून, बॅटरी बदलून दिली म्हणजे सर्व्हिसिंग झाले, असे नाही. बर्नर आणि गॅसचे जेट काढून साफ करणे, तांब्याच्या चौकटीतील काजळी काढणे, बोअरवेलचे पाणी असेल तर आत साचलेले क्षार काढणे, पाण्याच्या दाबावर चालणारा पडदा तपासणे आणि पाणी बंद केल्यावर गॅस लगेच बंद होतो का ते पाहणे, एवढी कामे व्हायला हवीत. मेकॅनिक जाण्यापूर्वी त्याच्यासमोर ज्योत पाहून घ्यावी. घरी पाइपगॅस आला असेल, तर एलपीजीचा गिझर तसाच त्याला जोडता येत नाही. दोन्ही गॅसचा दाब आणि उष्मांक वेगळा असल्याने त्या गॅससाठीचाच गिझर लागतो. नवा गिझर घेताना आयएसआय चिन्ह पाहावे.

सर्व्हिसिंग केले, की धोका संपतो का?

नाही. आधी पाहिलेला हवेचा हिशेब नव्याकोऱ्या गिझरलाही लागू आहे. स्वच्छ बर्नरसुद्धा बंद बाथरूममधील ऑक्सिजन संपवतोच. त्यामुळे गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या बाल्कनीत किंवा हवेशीर जागेत बसवणे आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घेणे हाच खरा उपाय. बाहेर बसवतानाही तो बाथरूमच्या खिडकीखाली नसावा, नाही तर जळलेला वायू पुन्हा आत येतो.

एक्झॉस्ट पंख्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत हवा यायला वाट नसेल तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. उलट गिझरला चिमणी असेल, तर तिच्यातून वर जाणारा वायू पंख्याच्या ओढीने पुन्हा खोलीत येऊ शकतो. काही गिझर सुमारे वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. ती सोय वेळ मोजते, विषारी वायू मोजत नाही. नळ बंद करून पुन्हा सोडला, की गिझर परत पेटतो. बाजारात मिळणारा एलपीजी गळतीचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, त्यासाठीचा अलार्म वेगळा असतो.

कुणी बाथरूममध्ये कोसळले तर?

हाका मारून उत्तर येत नसेल, तर वाट न पाहता दार उघडावे किंवा तोडावे. आत थांबून राहू नये. त्या व्यक्तीला लगेच मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालत नसेल आणि येत असेल, तर सीपीआर सुरू करावा. रुग्णालयात पोहोचताच 'बाथरूममध्ये गॅस गिझर सुरू होता' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर अशा रुग्णातही ऑक्सिजनची पातळी चांगली दाखवू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला वेगळे ओळखता येत नाही. भारतीय वैद्यकीय साहित्यात 'गॅस गिझर सिंड्रोम' असा उल्लेख आढळतो. बाथरूममध्ये आलेला झटका अपस्माराचा समजला गेला, तर रुग्णाला नको ती औषधे सुरू होण्याची आणि गिझर तसाच चालू राहण्याची भीती असते. गॅसगळतीचा वास येत असेल, तर मदतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

गिझर बाहेर हलवणे शक्यच नसेल तर?

भाड्याच्या खोल्या, जुने वाडे, चाळी अशा ठिकाणी हा प्रश्न येतोच. तिथे दार-खिडकी उघडी ठेवून आधी बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच दार लावून आंघोळ करावी. मुलांना आणि वृद्धांना गिझर सुरू ठेवून आत एकटे सोडू नये. बाथरूमला खिडकी किंवा झरोकाच नसेल, तर तिथे गॅस गिझर न बसवता विजेचा किंवा सौर उष्णतेचा पर्याय निवडणे हिताचे.