मुंबई रक्तगट आणि फ्यूकोज: एक मागोवा

वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधील सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये मुंबईतील ज्या व्यक्तींच्या रक्ताचे वर्णन केले, त्यांच्या तांबड्या पेशींवर ए आणि बी ही प्रतिजने, म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरील ओळखखुणा, नव्हतीच, शिवाय ज्या पायावर या दोन्ही घडतात आणि जी ओ गटातही मुबलक असते, ती एच खूणही नव्हती. नेहमीच्या तपासणीत हे मुंबई गटाचे रक्त ओ गटाचे भासते. मात्र त्यात एचविरोधी प्रतिद्रव्ये असल्याने ओ गटाचे रक्त चढवल्यास ते जिवावर बेतू शकते.

हा गुण अप्रभावी जनुकांमुळे येतो, म्हणजे सदोष प्रत आई व वडील या दोघांकडूनही यावी लागते. रत्नागिरी आणि लगतच्या जिल्ह्यांतील मराठा कुटुंबांत तो एकवटलेला आढळला, त्यामागे नात्यातील विवाहांचा वाटा मोठा आहे. सांगली जिल्ह्यातील विटा परिसरात मामाच्या मुलीशी लग्न ही गोष्ट नवलाची नाही. पण रक्ताची गरज पडली की अडचण उभी राहते: सोनेचांदी गाळून शुद्ध करणारी येथील गलाई कुटुंबे देशभर पांगलेली असल्याने, रक्त जुळण्याची सर्वाधिक शक्यता असलेला सख्खा भाऊच पार दक्षिणेत राहत असणे सहज संभवते.

एच खुणेचा निर्णायक घटक फ्यूकोज ही साखर होय, आणि भारतीय मुंबई गटात ती जोडणाऱ्या एफयूटी१ जनुकातच बदल असल्याचे १९९७ मध्ये दिसून आले. अशी व्यक्ती रुग्ण नसते, हे ठासून सांगणे आवश्यक आहे.

खरी व्याधी निराळीच निघाली. आमोस एत्झिओनी व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये इस्रायलमधील दोन मुलांची नोंद केली. त्यांचा रक्तगटही मुंबईच होता, पण संसर्ग वारंवार होत, वाढ खुंटलेली होती आणि बौद्धिक विकासही मागे पडला होता. या विकारात फ्यूकोज पेशीतील गॉल्जी या भागात वाहून नेणारे प्रथिनच सदोष असते, हे २००१ मध्ये उलगडले. त्यामुळे एकट्या एच खुणेचे नव्हे, तर फ्यूकोजवर अवलंबून असलेल्या सगळ्याच रचनांचे नुकसान होते. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरता येत नाही, म्हणून त्या रक्तात खच्चून भरलेल्या असूनही संसर्गाच्या जागी पू होत नाही, आणि हिरड्यांपासून मेंदूपर्यंत त्याची झळ पोहोचते. तोंडावाटे फ्यूकोज दिल्यावर काही मुलांचे संसर्ग घटले. सर्वांना मात्र गुण आला नाही.