१०.८ मिलिमीटरचं कडं

ड्रेस्डेनच्या पेंटाकॉन सिक्स कॅमेऱ्याची एक खोड वापरणाऱ्यांना पाठ असते. फिल्म पुढे सरकवताना त्याचं माप मधूनच चुकतं आणि एक फोटो दुसऱ्याच्या अंगावर चढतो. १२० च्या एका रोलवर मुळात बारा फोटो. त्यातले दोन असे गेले की जीव हळहळतो. १९५६ साली ‘प्राक्टिसिक्स’ या नावाने आलेला हा कॅमेरा १९६६ मध्ये पेंटाकॉन सिक्स झाला आणि पूर्व जर्मनीच्या अखेरीपर्यंत बनत राहिला. ही खोड काही गेली नाही.

पण त्याच्या लेन्स! येना शहरातल्या कार्ल त्साइसच्या कारखान्यातून आलेलं ८० मिमीचं बायोमेटार, ५० मिमीचं फ्लेक्टोगॉन आणि या सगळ्यांचा दादा, १८० मिमीचं झोनार. लुडविग बेर्टेले यांनी आखलेलं हे झोनार मूळचं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठीचं, तेही छोट्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याकरता. किलोभराहून जड, पुढची काच बशीएवढी, आणि एफ/२.८ वर काढलेल्या पोर्ट्रेटमधली मागची झाडं अशी विरघळतात की पाहतच राहावं.

१९७५ साली जपानच्या मामियाने एम६४५ आणला. फिल्म तीच, फक्त फोटो ६ × ४.५ सेंटिमीटरचा, म्हणून रोलवर पंधरा फोटो. फिल्म नीट सरकते, एवढ्यानेच पेंटाकॉनवाल्याला हायसं वाटतं. तेव्हा लेन्स त्या घरची आणि बॉडी या घरची, ही सोयरीक जुळवायची इच्छा कुणालाही होईल. मध्ये आडवा येतो तो माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची बैठक.

प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. पेंटाकॉन सिक्सचं ७४.१ मिमी, मामिया ६४५ चं ६३.३. वजाबाकी केली की १०.८ मिमी. मामियाच्या तोंडावर बरोबर एवढ्या जाडीचं कडं बसवलं आणि त्यावर जर्मन लेन्स चढवली, तर लेन्सच्या दृष्टीने ती आपल्या घरीच असते. अडॅप्टर म्हणजे एवढंच: आत काच नाही, वायर नाही, मधोमध भोक.

हा हिशेब उलटा मात्र चालत नाही. मामियाची लेन्स पेंटाकॉनवर लावायची तर ती १०.८ मिमी बॉडीच्या आत शिरायला हवी, आणि तिथे आरसा उड्या मारत असतो. हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर पेंटाकॉनची लेन्स लावायचं उदाहरण याहून बोलकं आहे. त्याचं अंतर ७४.९ मिमी, म्हणजे पेंटाकॉनपेक्षा ०.८ ने जास्त. शून्य जाडीचा अडॅप्टर कुणी बनवला असं धरलं तरी ८० मिमीची लेन्स साधारण आठ मीटरपलीकडचं काही स्पष्ट दाखवणार नाही. शिवाय हॅसलब्लाडच्या ५०० मालिकेत शटर लेन्समध्ये असतं. परकी लेन्स लावली की शटरच उरत नाही. मामिया ६४५ चं पडदा-शटर बॉडीत, फिल्मच्या पुढ्यात आहे. घरगुती अडॅप्टरवाल्यांचं या कॅमेऱ्यावर प्रेम का, ते यावरून कळावं.

आता कडं बनवायचं कसं? दोन्ही टोकांचे माउंट स्वतः कोरत बसू नये. मामियाचं मागचं बायोनेट एखाद्या मेलेल्या लेन्सचं घ्यावं. पुढच्या बाजूला पेंटाकॉनची किंवा त्याच माउंटच्या कीव्ह ६० ची क्लोजअपसाठीची एक्स्टेन्शन रिंग. पेंटाकॉनची पद्धत वेगळी आहे: लेन्स फिरवायची नसते, सरळ आत ठेवायची आणि बॉडीवरचं कडं फिरवून आवळायची. ते आवळणारं कडं या रिंगवर आयतं मिळतं. दोन्ही तुकडे पातळ करून मध्ये ॲल्युमिनियमची रिंग घालायची आणि काउंटरसंक स्क्रूंनी जोडायचं. एकूण जाडी मोजायची ती बैठकीपासून बैठकीपर्यंत. बायोनेटच्या पाकळ्या बॉडीत जातात, त्या हिशेबात धरायच्या नाहीत. व्हर्नियर घेऊन पहिल्यांदा बसणारा नेमका त्या पाकळ्यांवर जबडा टेकवतो.

हे काम लेथचं. भोसरीत, सातपूरला किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलं की असा जॉब करणारा टर्नर मिळतो; अडचण एवढीच की एका नगासाठी तो मशीन थांबवायला तयार हवा. कोल्हापूरला तर या उद्योगाची जुनी सवय आहे. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी घेऊन तिथेच सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि १९२० चा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यापुढे आपलं कडं म्हणजे किरकोळ काम.

मी ज्या टर्नरकडे गेलो त्याने ड्रॉइंग पाहून पहिला प्रश्न विचारला, “टॉलरन्स किती?” जाडीला शंभर मायक्रॉनचा फरक चालेल, पण जास्त नको, कमी चालेल, दोन्ही फेस मात्र एकमेकांना समांतर हवेत, असं सांगितलं. तो म्हणाला, “मग आधी सॉफ्ट जॉ बोअर करतो. नुसता पलटून धरला तर फेस तिरका जाणार.” त्याने एक फेस मारला, जॉब पलटून सॉफ्ट जॉच्या पायरीवर टेकवला, दुसरा फेस मारला आणि सरफेस प्लेटवर ठेवून डायल गेजखाली फिरवला. काटा जागचा फारसा हलला नाही. मी चहा सांगितला.

“जास्त नको, कमी चालेल” यात सगळी मेख आहे. कडं ०.१ मिमी जास्त जाड झालं तर ८० मिमीची लेन्स ६४ मीटरच्या पुढे स्पष्ट पाहत नाही. ५० मिमीची तर २५ मीटरलाच थांबते. डोंगरदऱ्यांचे फोटो घेणाऱ्याने घरी बसावं. १८० च्या झोनारला तीच चूक ३२४ मीटरपर्यंत जाऊ देते. उलट कडं तेवढंच पातळ झालं तर लेन्स अनंताच्या जरा पलीकडे फिरते आणि तिच्यावर कोरलेले अंतराचे आकडे खोटे पडतात, बस. आरशाच्या कॅमेऱ्यात जे ग्राउंड ग्लासवर स्पष्ट तेच फिल्मवर स्पष्ट, त्यामुळे फोटोचं काही बिघडत नाही. म्हणून शहाण्याने १०.७ चं सांगावं आणि गरज पडल्यास पितळेची शिम घालावी.

तिरकेपणाला अशी पळवाट नाही. साठ मिमी व्यासाच्या कड्यात एका टोकाला ०.१ चा फरक असला की फोटोची एक बाजू फोकसमध्ये आणि दुसरी किंचित मऊ. एफ/८ वर लपतं, एफ/२.८ वर चुगली करतं. आणि एफ/२.८ साठीच तर हा खटाटोप.

शेवटचं काम रंगाचं. काळं ॲनोडायझिंग दिसायला काळं असतं, पण तिरक्या प्रकाशात ते चकाकतं आणि फोटोवर धुरकट पांढरेपणा येतो. आतल्या भिंतीवर बारीक आटे पाडून वर मॅट काळा रंग द्यावा.

वापरताना एक सोय जाते. शटर दाबल्यावर लेन्सची पिन आत ढकलणारं या कड्यात काही नाही, त्यामुळे ॲपर्चर आपोआप मिटत नाही. लेन्सवरची कळ ए वरून एम वर घ्यायची, पूर्ण उघडून फोकस करायचं, मग हाताने हवं तेवढं मिटायचं. एफ/८ ला प्रकाश आठव्या हिश्शावर येतो आणि व्ह्यूफाइंडर अंधारतो. लाइट मीटर हातातलाच बरा. धावत्या पोराचे फोटो यावर काढू नयेत. बसलेल्या आजोबांचे काढावेत.

थ्रीडी प्रिंटरवर हेच कडं पाहता पाहता निघतं, आणि माप तपासायला ते उत्तम. पण पीएलए प्लॅस्टिक साठेक अंशाला मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेलं कडं आणि त्याला लोंबणारं किलोभर झोनार यांचं पुढे काय होईल हे सांगायला नको.

बाजारात या जोडीचे तयार अडॅप्टरही मिळतात, आणि फक्त फोटोच काढायचे असतील तर खुशाल विकत घ्या. स्वतः करायला बसलात तर एक विनंती: बायोनेटसाठी चालू लेन्स फोडू नका. बुरशीने काच गेलेल्या, ब्लेड अडकलेल्या लेन्स दुरुस्तीवाल्यांच्या खोक्यात पडून असतात. त्या मागून घ्या. चांगल्या लेन्स आता पुन्हा बनणार नाहीत.