निडीहून पत्रादेवीपर्यंत

नागोठणे सुटले आणि रोहे अजून यायचे आहे, एवढ्या अवधीत निडी नावाचे एक लहानसे स्टेशन येते. पनवेलहून रोह्यापर्यंत रेल्वे आली ती १९८६ साली, आणि रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. म्हणजे निडी हे कोकण रेल्वेच्या उंबरठ्याबाहेरचे शेवटचे ठाणे! मडगावच्या मोठमोठ्या गाड्या येथून धडधडत निघून जातात. त्यांना निडीशी काही कर्तव्य नसते. भातशेतीवरचे बगळे तेवढे उडतात आणि पुन्हा बसतात.

अशा गावी राहून गोव्याच्या हद्दीपर्यंत मोटारीने जायचे ठरवले, तेव्हा शेजाऱ्यांनी आम्हांला वेड्यात काढले. रोह्यास गाडी पकडली तर झोपेत मडगाव येते, मग रस्त्याने हाडे खिळखिळी करून घ्यायची हौस कशाला? प्रश्न रास्त होता. पण रेल्वे डोंगराच्या पोटातून जाते आणि रस्ता डोंगराच्या अंगाखांद्यावरून. शिवाय आमच्या काकांना जायचे होते ते गोव्याला नव्हे, गोव्याच्या वेशीला.

हे काका आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. १९५५ साली पुण्यास शिकत होते. त्या वर्षी १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सत्तरी ओलांडलेले सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची पहिली तुकडी गोव्यात शिरली आणि सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. पोर्तुगिजांचा मार खाऊन लोक परत येत आणि पुढची तुकडी निघे. १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र माणसे निरनिराळ्या वाटांनी हद्दीवर गेली. पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे ठार झाली. पत्रादेवीला पंजाबचा कर्नैलसिंग बेनिपाल पडला, तर मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय हातात तिरंगा घेऊन चालल्या असता गोळ्यांनी जखमी झाल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत भारत सरकारने हा सामुदायिक सत्याग्रह थांबवला.

काकांची तुकडी या दोन गोष्टींच्या मध्ये सापडली. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरून ही पोरे भर पावसात सावंतवाडीस आली, बांद्यापर्यंत पोचली आणि तेथे आपल्याच पोलिसांनी त्यांना अडवले. दोन दिवस एका शाळेच्या पडवीत बसवून ठेवले आणि मग परतीच्या गाडीत घातले. पुढे नोकरी आली, संसार आला. काका रेल्वेने दोनदा गोव्यास जाऊन आले, पण बांद्यापुढचा तो एवढासा तुकडा राहिला तो राहिलाच. "वेशीवरून परत फिरलो, तेव्हा वेशीवरूनच आत जाईन," हे त्यांचे म्हणणे. हट्ट म्हणा हवा तर! गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मान हलवत परवानगी दिली, चिरंजीवांनी सुकाणू घेतले, आमच्या सौभाग्यवतींनी पोळ्या, बटाट्याची भाजी आणि औषधांचा डबा सिद्ध केला, आणि डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही निघालो.

रोहे, कोलाड आणि मग मुंबई-गोवा हमरस्ता. या रस्त्याबद्दल काय लिहावे? चौपदरीकरणाचे काम २०११ च्या सुमारास निघाले ते एका तपाहून अधिक काळ रेंगाळले. मधेच विमानाची धावपट्टी वाटावी असा सिमेंटचा पट्टा, आणि तो डोळ्यांत भरतो न भरतो तोच खडीचा वळसा. इंदापूर आणि माणगाव या दोन गावांतून बाहेर पडायला जो वेळ लागला, त्यात काकांनी दोन वर्तमानपत्रे अथपासून इतिपर्यंत वाचली. सौभाग्यवती म्हणाल्या, "काका, पाठ दुखते का? उतरायचे का जरा?" काका म्हणाले, "दुखते आहे. पण सूनबाई, तिकडे जाताना दुखली तर चालेल. परत फिरायचे मात्र कुणी बोलू नका."

महाडजवळ रायगडाकडे फाटा फुटतो. त्या वाटेवरचे नाते हे चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव, घराणे मात्र आमच्या रोह्याचे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. नकाशावरच्या रेषांपायी त्या दशकात माणसांनी काय काय सोडले आणि काय काय सोसले! महाडातच चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा त्यांनी ओलांडलेली रेषा कोणत्याच नकाशावर नव्हती.

पुढे सावित्री. नवा पूल रुंद आणि भक्कम आहे. पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला इंग्रजी अमदानीतला जुना पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस. टी. बसगाड्या माणसांसकट नदीत गेल्या. पुढचा रस्ता तुटला आहे हे अंधारात ड्रायव्हरला कसे कळावे? नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये, खुला झाला. म्हणजे मनावर घेतले की काम होते. मग बाकीच्या रस्त्याला काय झाले, हे कोडे आहे. पुलावर गाडीत कुणी बोलले नाही.

पोलादपूर सोडले की कशेडीचा घाट. जुन्या वळणांवर पोटातले अन्न ओठांशी आल्याच्या आठवणी प्रत्येक कोकणी कुटुंबात आहेत. आता सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाला असून २०२३ पासून त्यातून वाहने जाऊ लागली. पाऊण तासाचा घाट दहा-पंधरा मिनिटांत संपला. चिरंजीव खूश झाले. काका मात्र हिरमुसले. "अरे, आता रस्ताही डोंगराच्या पोटातूनच जायचा असेल, तर रेल्वे काय वाईट होती?"

खेडला जगबुडी ओलांडली. नदीचे हे नाव कुणी ठेवले असेल? परशुराम घाटात डोंगर असा उभा कापला आहे की तांबडी माती जखमेसारखी दिसते. पावसाळ्यात ही माती खाली येते आणि रस्ता बंद पडतो. खाली वाशिष्ठीच्या काठी चिपळूण. २२ जुलै २०२१ च्या महापुरात हे शहर बुडाले होते. चहाच्या दुकानात पाण्याची खूण भिंतीवर तशीच राखलेली दिसली, माणसाच्या डोक्याच्याही वर. मालक ती बोटाने दाखवतो आणि मग चहा किती कप, ते विचारतो. त्या रात्री हातखंब्यास मुक्काम केला. काकांचे पाय सुजले होते. मी आणि सौभाग्यवती बराच वेळ कुजबुजत होतो की पुढे जावे की न जावे. सकाळी पाहतो तो काका दाढी करून, पांढरी टोपी घालून, गाडीत पुढच्या सीटवर बसलेले!

लांजे, राजापूर, खारेपाटण. येथून सिंधुदुर्ग जिल्हा लागला आणि रस्ता एकदम शहाण्यासारखा वागू लागला. कणकवलीस जेवलो. सोलकढीची वाटी काकांनी दोनदा मागितली. कुडाळ गेले, झाराप गेले आणि दुपारी तीनच्या सुमारास बांदा आले. तेरेखोल नदीचे पाणी संथ होते. ती शाळा शोधावी असे मी सुचवले, पण काका म्हणाले, "नको. शाळा पाहिली आहे."

बांद्याहून पत्रादेवी पाच-सहा किलोमीटर. सत्तर वर्षे जे अंतर संपले नव्हते, ते मोटारीने दहा मिनिटांतही संपले! कमान नाही, नौबत नाही. मालमोटारींची रांग, टायर दुरुस्तीची दुकाने, आणि दारूच्या दुकानांच्या भडक पाट्या. हद्द ओलांडली हे आम्हांला त्या पाट्यांवरूनच कळले. हुतात्मा स्मारकापाशी गाडी थांबवली. चिरंजीवांनी हात पुढे केला, तो काकांनी घेतला नाही. काठी टेकत ते एकटे आत गेले. मी मागे उभा होतो. त्यांनी टोपी सारखी केली आणि काही वेळ नुसते उभे राहिले. रडतील असे वाटले होते, रडले नाहीत. परत आल्यावर एवढेच म्हणाले, "आमच्या पुढची तुकडी चार-पाच दिवस आधी निघाली होती रे." म्हणजे काय, ते समजायला मला गाडीत बसेपर्यंत वेळ लागला.

संध्याकाळी म्हापशास चिरंजीवांनी विचारले, "आजोबा, एवढे सगळे करून गोवा महाराष्ट्रात तर आलाच नाही. वाईट नाही वाटत?" प्रश्न धीट होता. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात तिथल्या लोकांनी विलीनीकरण नाकारले आणि ३० मे १९८७ ला गोव्याचे वेगळे राज्य झाले. काका म्हणाले, "वाटले होते. तेव्हा खूप वाटले होते. पण त्यांचे घर त्यांना मोकळे करून द्यायला गेलो होतो आम्ही. आत कुणी राहायचे, हे सांगायला नव्हे." सौभाग्यवतींना हे पटले. मला अजूनही पुरते पटलेले नाही. मराठी घरात हा वाद एवढ्यात मिटायचा नाही.

दोन दिवसांनी परतलो तेही पत्रादेवीवरूनच. महाराष्ट्राच्या बाजूला इन्सुलीच्या नाक्यावर एका तरुण शिपायाने गाडीची डिकी उघडायला सांगितली. गोव्याची स्वस्त दारू चोरून नेणाऱ्यांसाठी हा पहारा असतो. पिशवीत एक जाड बाटली हाती लागताच त्याचा चेहरा गंभीर झाला. "हे काय?"

"आगळ," काका म्हणाले. "कोकमाचे. वास घेऊन पाहा."

त्याने बूच काढून वास घेतला, हसला, आणि बाटली पुन्हा नीट कापडात गुंडाळून ठेवली.

"आजोबा, कुठून आलात?"

"निडीहून."

"हे कुठे आले?"

"रोह्याच्या अलीकडे," काका म्हणाले आणि त्याला सारा रस्ता सांगू लागले. मागच्या मालमोटारींनी भोंगे वाजवायला सुरुवात केली होती.